चावीचा आकडा

“खरं सांगा काका, काय काय उघडलं होतं?”

“काही नाही हो. सीट काढली, खालचं मॅट बदललं, सीट परत बसवली. बस्स.”

“आणि सीट बाहेर असताना चावी फिरवली होती?”

सुतारकाकांनी मान खाली घातली. “रेडिओ लावला होता. त्याशिवाय माझा हात चालत नाही.”

करंटताई हसली. गाड्यांच्या वायरिंगचं काम करते म्हणून गिऱ्हाइकांनीच तिला हे नाव चिकटवलं होतं. घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांची ही ठरलेली चूक. सीटखालची पिवळी वायर सुटलेली असताना चावी फिरवली, की गाडीला वाटतं एअरबॅग बिघडली. मग डॅशबोर्डवरचा लाल दिवा काही केल्या विझत नाही.

काकांना तो आजच विझवून हवा होता. संध्याकाळी मुलगी बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी यायची होती, नवी नात घेऊन, याच पिकअपमधून. दिवा जळत असताना पोर त्या गाडीत बसणार नाही, असं बायकोने ठणकावून सांगितलं होतं. आणि आपण केलेली दुरुस्ती बायकोसमोर फसणं, हे काकांना दिव्यापेक्षा जास्त झोंबलं होतं.

ताईने वायर नीट बसवली, स्कॅनर जोडला, बिघाडाची नोंद पुसली, चावी फिरवली. दिवा गेला आणि लगेच परत आला. तिने पुन्हा पुसली, पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच.

“आता काय दुखतंय त्याला?” काकांनी विचारलं.

“आणखी एक नोंद आहे.” ती स्क्रीनकडे बघत होती. “टक्कर झाली, एअरबॅग उघडली, असं म्हणतंय.”

स्टिअरिंगवरचं झाकण अखंड होतं. बंपरवर साधा ओरखडा नव्हता.

“काका, एअरबॅग चालवणारं, नोंदी ठेवणारं खोकं भंगारातून आणून बसवलंत ना?”

“नातीची शपथ! त्याला हातसुद्धा लावला नाही.”

तिने टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. खोक्याचे स्क्रू धुळीने माखले होते आणि त्यांच्यावरचा कंपनीचा रंग तसाच होता. काका खरं बोलत होते.

तिने नोंद सविस्तर वाचली. गाडी उभी. धडक समोरून. ड्रायव्हरचा पट्टा लावलेला नाही. शेजारच्या सीटवर कुणीतरी, पट्टा लावलेला.

“बिनपट्ट्याचा म्हणजे मीच,” काका म्हणाले. “उभ्या जन्मात लावला नाही. पण टक्कर कधी झाली नाही हो.”

ताई पुन्हा स्क्रीनकडे वळली. त्या खोक्यात तारीख नसते. चावी किती वेळा फिरली, तेवढंच ते मोजत राहतं, आणि टक्कर झाली की तेव्हाचा आकडा लिहून ठेवतं. तिने आजचा आकडा पाहिला. मग टकरीचा पाहिला. मग स्कॅनर काढून पुन्हा जोडला.

टकरीचा आकडा आजच्या आकड्याच्या पुढचा होता. अगदी थोडासाच पुढचा. सकाळपासून आपणच किती वेळा चावी फिरवली हे ती आठवू लागली.

“म्हणजे काय, ताई?”

“म्हणजे ती अजून व्हायची आहे.”

काका हसायला लागले. तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं.

“शेजारी पट्टा लावून कोण,” ते हळूच म्हणाले, “पोरगी. आणि मांडीवर...” ते तिथेच एका टायरवर बसले. “गाडी राहू दे इथे. टॅक्सीने आणतो त्यांना.”

“आज आणाल. उद्या-परवा चावी फिरवालच ना?”

“विकून टाकतो!”

“मग दुसऱ्या कुणाची तरी पोरगी बसेल तिथे.”

ताईने दोन्ही आकड्यांमधलं अंतर बोटांवर मोजलं. मग ताईच म्हणाली, “तो आकडा इथेच संपवू. गॅरेजमध्ये, गाडी जागची न हलवता. आकडा ओलांडला की नोंद खोटी पडली.”

काकांना ते एकदम पटलं. त्यांच्या जिवात जीव आला. “फळी चिरणार असेल तर दार बसवण्याआधीच चिरू दे,” ते म्हणाले.

पिकअप आधीच मागे घेत आत आणलेली होती, तोंड रस्त्याकडे. बाहेर उतारावरून येणाऱ्या गाड्यांचा गोंगाट चालला होता. ताईने शटर ओढून घेतलं. आत अंधारलं, आणि तिला उगाचच कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटलं. ती ड्रायव्हरच्या जागी बसली.

“तुम्ही लांब थांबा, काका.”

“गाडी माझी, नात माझी, आणि मी लांब थांबू? चला!” ते शेजारी चढून बसले. बसल्याबरोबर त्यांनी पट्टा ओढला आणि खटकन लावला.

“अहो, गॅरेजमध्ये पट्टा?”

“आजपासून नियम म्हणजे नियम.”

तिने चावी फिरवली. आकडा एकने वाढला. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. काकांचा आवाज मोकळा झाला. नातीसाठी केलेल्या पाळण्याबद्दल ते बोलू लागले. लाकूड चार वेळा घासलं म्हणे, पोरीला लाकडाची कूस टोचू नये म्हणून. ताई हं-हं करत चावी फिरवत राहिली.

“हा शेवटचा,” ती म्हणाली.

चावी फिरली. स्क्रीनवरचे दोन्ही आकडे सारखे झाले. दोघांनी श्वास रोखला.

लाल दिवा आपोआप विझला.

“गेला! ताई, गेला!” काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता पोरीला फोन करतो.”

ताई हसत त्यांच्याकडे वळली. काकांच्या छातीवरून पट्टा गेला होता. तिच्या छातीवर नव्हता. शटरच्या पलीकडे, उतारावर, कुणीतरी हॉर्नवरचा हात काढतच नव्हतं, आणि आवाज जवळ येत होता.