डाळ न शिजणारं गाव

“वाल थोरान्सच,” उल्हासराव म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले. “डिसेंबरच्या सुरुवातीला खात्रीचा बर्फ मिळणार तो आल्प्समध्ये इतक्या उंचावरच. खाली सगळीकडे नुसता चिखल.”

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सच्या त्या घरात रविवारची दुपार होती. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं आणि त्याची नळी गालिच्यावरून उल्हासरावांच्या नाकापर्यंत आली होती. त्यांच्या पायांत स्कीइंगचे जाड लाल मोजे होते. हल्ली पाय सदा गार पडायचे त्यांचे, म्हणून ते मोजे आता घरातच वापरायला काढले होते. सोफ्यावर त्यांची मुलगी तनू मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि त्यांची बायको यमुना दाराशी उभी होती. तिचं मन ना स्वयंपाकघरात होतं, ना इथे.

“पण बाबा, अर्ली सीझन का? माझा स्कूल चालू असते तेव्हा. आणि डॉक्टर हाइटला नको म्हणाली ना?”

“मला कुठे स्कीइंग करायचंय? खाली उभा राहीन नुसता. तू वरून येशील तेवढं बघीन. एकदा. बस्स.”

एवढं बोलून त्यांना पुन्हा दम लागला.

डिसेंबरची घाई का, ते तनूला माहीत नव्हतं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. उंचावर जायचं नाही, तिथली विरळ हवा या फुप्फुसांना पुरणार नाही, ही एक. ती तनूला ठाऊक होती. दुसरी, नवीन वर्ष पाहिलं तरी खूप झालं. ती फक्त नवराबायकोला. “नाताळ होईपर्यंत पोरीला कळता कामा नये,” असं उल्हासरावांनी बजावलं होतं, आणि यमुनेने तोंडाला कुलूप घातलं होतं.

“ज्या गावात साधी डाळ शिजत नाही, तिथे तुम्हाला न्यायचं?” ती एकदम म्हणाली.

ते तिघं दरवर्षी तिथे स्कीइंगला जाऊ लागले, त्या पहिल्या वर्षी तिथल्या इवल्याशा किचनमध्ये तिने तुरीची डाळ पातेल्यात शिजायला टाकली होती. संध्याकाळभर रटारट उकळूनही दाणे टणकच. हवा पातळ असली की पाणी लवकर उकळतं, पण त्या उकळीत धग नसते, हे तेव्हा उल्हासरावांनीच तिला समजावलं होतं. पुढच्या वर्षापासून सुटकेसमध्ये कुकर.

“कुकर नेशीलच ना?” ते म्हणाले. “मलाही बसव त्यात. तीन शिट्ट्या काढ.”

तनू खो खो हसली. यमुनेलाही हसू आलं मेलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. हो म्हणावं तर आपल्या हातांनी या माणसाला मारायचं. नाही म्हणावं तर त्याने एवढं एकच मागितलेलं, तेही द्यायचं नाही. देवा, मी कुणाचं काय वाकडं केलं होतं रे?

“आयडिया!” तनूने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “हाफ-टर्मच्या सुट्टीत जाऊ. फेब्रुवारी! मोर्झीन. ते खूप खाली आहे आणि तेव्हा तिथे पण बर्फ असते. बाबांचा लंग्ज ओके, माझा स्कूल ओके, आईची डाळ पण शिजेल. परफेक्ट ना?”

मशीन तेवढं घुरघुरत राहिलं.

उल्हासरावांनी यमुनेकडे पाहिलं. त्यांनी सगळं तिच्यावर सोपवलं होतं, हे तिला कळलं. तिने आत्ता नुसतं “डिसेंबरच करू” म्हटलं असतं, तरी झालं असतं. पण तिला ते हवे होते. या खुर्चीत, या नळीसकट, आणखी एक दिवस, मग त्यानंतर आणखी एक. बर्फ गेला खड्ड्यात.

“फेब्रुवारीच बरं,” ती म्हणाली.

उल्हासरावांनी मान हलवली. ते चिडले असते, ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

“कर बुक मग,” ते मुलीला म्हणाले.

तनू भराभर बटणं दाबायला लागली. “अपार्टमेंट, तीन लोक. लिफ्ट पास. आता स्की आणि बूट हायर करायचे. बूट साइझ पाहिजे. बाबा, तुमचा नऊ, राइट?”

“माझा नको. आईचा टाक.”

“आई?” तनूला पुन्हा हसू फुटलं. “आई आणि स्कीइंग? बाबा, आई ऑलवेज कॅफेत बसते!”

“माझी वाट बघत बसायची ती,” उल्हासराव म्हणाले. “या खेपेला नको बसायला. तू शिकव तिला. हळूहळू शिकव, घाबरट आहे ती.”

तनूचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. बोटं बटणांवर तशीच राहिली.

“आई?” ती म्हणाली.

यमुनेला तिच्याकडे बघवेना. ती पुढे झाली आणि उल्हासरावांच्या पायाशी गालिच्यावर बसली. त्यांचा डावा मोजा घोट्यापर्यंत घसरला होता. तिने तो दोन्ही हातांनी नीट वर ओढला.

“कितीचा गं तुझा बूट?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“पाचचा,” ती म्हणाली. “तुमचे मोजे घातले तर सहाचा.”