तिसरा वाडगा

मिझुनो-सानांनी तिसऱ्या वाडग्यात भात वाढला, वर झाकण ठेवलं आणि तो कपाटावरच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. मगच त्या जेवायला बसल्या. अक्षयाने नेहमीप्रमाणे मान खाली घातली आणि सूपमध्ये काहीतरी हरवल्यासारखी ती चमचा फिरवत बसली.

नागोयाला शिकायला आल्यापासून ती याच घरात राहत होती. विद्यापीठानेच जुळवून दिलेलं घर. मिझुनो-सान एकट्या, एक खोली रिकामी. ती खोली कुणाची, हे पहिल्याच दिवशी कळलं. भिंतीवर जहाजांची चित्रं होती आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर हा फोटो. पंचविशीचा पोरगा, टोपी मागे सरकवलेली, तोंडभर हसू, मागे समुद्र.

"केंता," मिझुनो-सान म्हणाल्या होत्या. "माझा मुलगा." आणि त्यांनी फोटोची काच एप्रनने पुसली होती.

एवढं पुरे होतं. फोटोपुढे पान कुणासाठी वाढतात, हे पुण्याच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

अक्षयाने पुढे काही विचारलं नाही. तिचं जपानी तेव्हा दुकानात दूध मागण्यापुरतं होतं, आणि सांत्वन तर तिला मराठीतही कधी धड जमलं नव्हतं. आईनेही फोनवर बजावलं, "चुकूनही विषय काढू नकोस हं. त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा बोलतील."

त्या बोलल्या नाहीत. बातम्यांनंतर टीव्हीवर हवामानाचा नकाशा येई, तो मात्र शेवटपर्यंत बघत. समुद्रावर वादळाचा भोवरा दिसला की उसासा टाकत. जेवणं झाली की त्या फोटोपुढचा वाडगा उघडत, झाकण उलटं करून आतून निरखत, मान डोलावत आणि तो भात स्वतःच खाऊन टाकत. पानाला कावळा शिवला की घरातली मोठी माणसं अशीच मान डोलावतात, असं अक्षयाच्या मनात येई.

एक गोष्ट तिला उमगत नव्हती. आतल्या खोलीत मिझुनो-सानांच्या यजमानांचा देव्हारा होता. काळं लाखेचं कपाट, त्यात फोटो, उदबत्ती, छोटी घंटा. केंताला यातलं काहीच नाही. त्याचा फोटो आपला लोणच्याच्या बरण्यांशेजारी. मग तिने स्वतःच स्वतःची समजूत घातली. नवऱ्याला त्या कपाटात बसवणं वेगळं. पोटच्या पोराला बसवायला जीव धजत नसेल.

एरवी मिझुनो-सान काही मुखदुर्बळ नव्हत्या. दह्याचा डबा न धुता प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकला, तर तो उचलून आणून अक्षयाच्या नाकासमोर धरत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला सशाचं चित्र असलेला वाडगा आणून दिला. "या घरात ज्याचा त्याचा वाडगा असतो," म्हणाल्या. उन्हाळ्यात आतषबाजीच्या दिवशी त्यांनी आपला निळा युकाता तिला नेसवला, "आता श्वास रोख" म्हणत कमरेचा पट्टा आवळला, मोबाइलवर फोटो काढला आणि कोपऱ्यावरच्या कॉम्बिनी दुकानात जाऊन तो छापूनही आणला.

सर्वपित्रीला अक्षयाने खीर केली. दूध जरा लागलंच. तरी तिने वाटीभर खीर केंतापुढे ठेवली आणि हात जोडले. मिझुनो-सान बघतच राहिल्या. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "केंता म्हणजे नुसता गोडखाऊ!"

त्या हसल्या म्हणून अक्षया खोलीत जाऊन रडली. आणि रडताना ज्या गादीवर ती लोळत होती, ती गादीही त्याचीच होती.

हेच तिला सोसवेना. ऑक्टोबरात वसतिगृहात जागा झाल्याचं कळलं. मिझुनो-सानांना सोडून जावं असं तिला अजिबात वाटत नव्हतं. इतकी माया तिला आईनंतर कुणी लावली नव्हती. पण गेलेल्या मुलाच्या खोलीत एक परकी पोर पाय पसरून झोपते, हे रोज बघून त्या माउलीला काय होत असेल? शिवाय आपण इथे कोण? भाडं देणारी विद्यार्थिनी.

कावासाकीच्या एका कंपनीत दोन आठवडे काम शिकायला जायचं होतं. परतल्यावर सांगून टाकू, असं तिने ठरवलं. मिझुनो-सान स्टेशनपर्यंत आल्या. भाताच्या ओनिगिरी हातात कोंबल्या. "तिकडे नीट जेव," एवढंच म्हणाल्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिल्या.

काम एक दिवस आधीच आटोपलं. परतीच्या गाडीत अक्षया वाक्य घोकत होती. तुमचे उपकार विसरणार नाही, पण मी आता वसतिगृहात राहायला जाते. व्याकरण बिनचूक होतं. म्हणून बघताना ती मात्र दर वेळी 'पण'शीच अडखळत होती.

संध्याकाळी ती घरी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याशी मोठाले पुरुषी बूट अस्ताव्यस्त पडले होते. या घरात असे बूट टाकायची कुणाची टाप नव्हती. आतून बोलण्याचा आवाज येत होता. तिने आपले बूट काढले आणि ती पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

टेबलाशी उन्हाने रापलेला, दाढी वाढलेला एक माणूस भाताचे बकाणे भरत होता. शेजारच्या खुर्चीवर टोपी होती. मिझुनो-सान काहीतरी म्हणाल्या, तसा तो भरल्या तोंडाने हसला. तोंडभर. अक्षयाने दाराची चौकट घट्ट धरली.

कपाटावर केंताचा फोटो नव्हता. त्या जागी, निळ्या युकात्यात श्वास रोखून उभी असलेली, ती स्वतः होती. पुढे सशाचा वाडगा आणि त्यावर झाकण.

मिझुनो-सान उठल्या. त्यांनी झाकण उचललं, उलटं केलं आणि दिव्याकडे धरलं.

"हे बघ केंता, तुझ्या झाकणाला जमायचे तसेच थेंब जमलेत," त्या समाधानाने म्हणाल्या. "आपली पोर तिकडे सुखरूप आहे."