मोजणीचा दगड

मशीन लॉनवर उताणी पडली होती, चारी चाकं वर, मेलेल्या झुरळासारखी. गवत कापायचं पातं एका टोकाला कानासारखं वळलं होतं. उल्हासनगरहून स्कूटरवर आलेल्या प्रीतम मेकॅनिकनं आधी प्लगची वायर काढली, मग पातं हातानं फिरवलं. ते लंगडत फिरलं आणि पत्र्याला घासून थांबलं.

"शाफ्ट गया," प्रीतम म्हणाला. "किसपे मारा?"

बागेचं काम बघणारा शंकर मान खाली घालून उभा होता. खरं तर मशीन त्यानं आपटलीच नव्हती. सकाळी तो टाकीवर पाणी बघायला गेला, तेवढ्यात नाथा वॉचमननं, ज्याला धड शिट्टी वाजवता येत नाही, मशीन चालू केली. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल. बायकोला व्हिडिओ कॉलवर दाखवत होता, बघ, तुझा नवरा काय काय चालवतो. मग खाडकन आवाज झाला. वरच्या गॅलरीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"दगड होता तो," नाथा शेवटी पुटपुटला. "गवतात दिसलाच नाय."

सोसायटीचे सेक्रेटरी भूपेश सर हाफ पँटमध्ये, हातात चहाचा कप घेऊन उभे होते. दुरुस्त करायची की नवी घ्यायची, एक काय ते सांग, म्हणाले. प्रीतमनं सांगितलं की शाफ्ट बदलून देतो, मशीन अजून पुष्कळ ओढेल. पण दगड इथंच राहणार असेल तर आपण हात लावणार नाही, उद्या परत बोंब. नवी घेतली तरी तेच. आजकालच्या मशीनींचे पत्रे म्हणजे नुसते पापड.

म्हणजे काहीही करा, दगड जाणार.

शंकर पुढं झाला. दगड सरकारी आहे, तो म्हणाला, मोजणीचा, हात लावला तर लफडं होईल. हे त्याचं पाठ होतं. बाग बनत होती तेव्हा ठेकेदाराची माणसं पहार घेऊन आली होती, त्यांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. सरकारी म्हटल्यावर ती माणसं पहार टाकून बिडी प्यायला गेली, ती परत त्या कोपऱ्यात आलीच नाहीत. तेव्हापासून शंकर मशीन दगडापासून हातभर लांबून वळवायचा, आणि दगडाभोवतीचं गवत गुडघ्यावर बसून विळ्यानं कापायचा.

भूपेश सरांनी मोबाईलवर नकाशा काढला. "हद्द तिकडं, कंपाउंडला आहे," ते म्हणाले. "लॉनमध्ये कसली मोजणी, शंकर?"

कसली मोजणी! अख्ख्या शिरगावात भारी म्हणून मिरवतात ते हे लॉन, आधी शंकरचं भाताचं खाचर होतं. त्याच्या कोपऱ्यात त्यानं चिमीला पुरलं होतं. सव्वा महिन्याची पोर. एवढ्या लहानाला जाळत नाहीत. खड्डा त्यानं स्वतः खणला, आणि कोल्हे उकरतात म्हणून ओढ्यातला उशीएवढा दगड खांद्यावरून आणून वर ठेवला. पुढं जमीन विकली. सातबाऱ्यावर चिमीचं नाव नव्हतं, त्यामुळं तिची सही कोणी मागितली नाही.

सांगितलं असतं तर? ह्याच लॉनवर ह्यांच्या पोरांचे बड्डे होतात. बायका किंचाळल्या असत्या, भटजी आला असता, खणून सगळं साफ करून घेतलं असतं.

"मशीनच नको, सर," शंकर म्हणाला. "मी इल्यानं कापीन सगलं."

नाथा फिदीफिदी हसला. मामा, म्हणाला, हे काय भाताचं शेत हाय काय? शंकरनं त्याच्याकडं असं बघितलं की हसू तिथंच मेलं.

भूपेश सर हसले नाहीत. माणूस चांगला होता. चांगल्या माणसांशी भांडताही येत नाही, हीच बोंब आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं की चालणारी मशीन कशाला फेकायची, दुरुस्तच करू. दगड तेवढा आत्ताच काढून टाक.

मशीन वाचली.

नाथानं पहार आणली. शंकरनं ती हिसकावून लांब फेकली. पहार खाली किती जाईल काय सांगावं. तो गुडघ्यावर बसला, दगडाच्या खाली दोन्ही हातांची बोटं घातली आणि हळूहळू हलवत राहिला, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा. दगड निघाला. खाली पांढरं पडलेलं गवत होतं, मुंग्या होत्या. त्यानं तळव्यानं माती ओढून घेतली, दाबली, पुन्हा ओढली.

नाल्यात टाका मामा, नाथा म्हणाला. शंकरनं दगड खांद्यावर घेतला.

प्रीतम मशीन स्कूटरला बांधून निघून गेला, भूपेश सर लिफ्टकडं वळले. तेवढ्यात शेजारच्या विंगमध्ये भांडी घासणारी शंकरची बायको रखमा ओल्या हातांनीच बाहेर आली. तिनं गवतातली उघडी माती बघितली. मग नवऱ्याच्या खांद्यावरचा दगड बघितला. रडली नाही, काही नाही. जवळ येऊन हळू आवाजात एवढंच विचारलं,

"आता इकरं कोले येत नाय ना?"

शंकरनं चारी बाजूंच्या सात-सात मजल्यांकडं बघितलं.

"नाय," तो म्हणाला.

दगड मात्र त्यानं खाली ठेवला नाही.