उद्घाटनाचा चेंडू

पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन गोदूमावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटताना आठवडाभर त्यांचं एकच चाललं होतं, "फायनलला पहिलं बास्केट आपली कॅप्टनच करणार, आणि पेढे माझ्याकडून!"

दहाची मॅच. साडेअकरा झाले तरी सत्कारच संपेनात. दोन्ही टीमच्या पोरी उन्हात ताटकळल्या होत्या आणि मंडपातल्या पाहुण्यांना पंखे, सरबत! मावशींना शिसारी आली.

शेवटी प्रमुख पाहुण्यांनी उद्घाटनाचा चेंडू फेकला. तो रिंगच्या आसपासही गेला नाही. दुसरा फोटोग्राफरला लागला.

"साहेबांना आणखी एक संधी!" माईकवाला लाडात येऊन म्हणाला.

अशा सहा संधी झाल्या. सातव्या वेळी मात्र कॅप्टन धावली, भरकटलेला चेंडू तिने हवेतच पकडला आणि अलगद रिंगमध्ये सोडला. मावशींनी डबा उघडला.

"साहेबांचं बास्केट!" माईक गरजला. ताशा कडाडला, साहेबांच्या गळ्यात हार पडला. फोटोत येतेय म्हणून कॅप्टनला कुणीतरी दंड धरून बाजूला केलं.

एक कार्यकर्ता मावशींकडे धावला. "द्या पेढे, साहेबांचं तोंड गोड करू."

"हात काढ!" म्हणत मावशी तडक मैदानात शिरल्या, साहेबांच्या समोरून गेल्या आणि त्यांनी कॅप्टनच्या तोंडात पेढा कोंबला.

"खा गं. मी बघितलंय."