रिकामा कप्पा

“डब्यात काय आहे?” बॅग जीपमध्ये ठेवता ठेवता गाईडबाईने विचारलं.

“कापूस,” घड्याळजी म्हणाला. “कानात वारा जातो माझ्या.”

ती हसली. जीप चालवणारा तिचा भाऊ मात्र हसला नाही. तो मुळात तोंड उघडायला तयार नसे.

घड्याळजीने चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद झालं, तेव्हा सुटे भाग ठेवायचं कपाट त्याने घरी आणलं. त्याच्या कप्प्यांत आता कापसावर पक्ष्यांची अंडी होती, नाजूक हाताने आतून पोकळ केलेली. हा गुन्हा होता आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पण पक्ष्यांवर त्याचा जीव होता, आणि ज्यावर जीव आहे ते आपल्या कपाटात असावं, इतकं सरळ त्याचं गणित.

एकच कप्पा रिकामा होता, काळ्या गळपट्टीच्या चिखल्याचा. मुठीत मावेल एवढा हा पक्षी आता मोजक्याच ठिकाणी उरला होता. वाळवंट संपून तळं सुरू होतं, तिथल्या खारट पट्ट्यावर त्याची एक जोडी उतरली होती.

“पक्षी दाखवीन, घरटं नाही,” गाईडबाईने कालच बजावलं होतं. “आज-उद्याकडे पिल्लं निघतील. अंग वाळलं की ती चालायला लागतात. मग घरटं रिकामं.”

म्हणजे आजचा दिवस हुकला की संपलंच.

तळ्याकाठी जीप थांबली तेव्हा ऊन नुकतं पडत होतं. पाणी दिसतच नव्हतं. दिसत होते ते रोहित पक्षी, हजारोंनी, पार समोरच्या काठापर्यंत. कशाला तरी बिचकून ते एकदम उठले. पंखांखालचा लाल रंग उघडा पडला आणि आभाळ त्या आवाजाने भरून गेलं. घड्याळजीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी अगदी खरं होतं.

थवा विरळ झाला आणि त्याच्या मुरलेल्या नजरेने बरोबर टिपलं. डावीकडच्या खुरट्या झुडपांपाशी एक काळी गळपट्टी वाळूवर उतरली. उडाली, आणि पुन्हा तिथेच उतरली.

“मी जरा पाय मोकळे करतो,” म्हणत तो डावीकडे वळला.

“आई गं!”

जीपमधून उतरताना गाईडबाईचा पाय मुरगळला होता. ती घोटा धरून खाली बसली होती. भावाने ढुंकूनही पाहिलं नाही, तो आपला जीपचा आरसा पुसत राहिला. घड्याळजीने मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या आणि तिला हात दिला.

“जीपमध्ये बसा.”

“बसले तर सुजेल. चालत राहिलेलं बरं.” त्याच्या खांद्यावर भार टाकून ती चार पावलं लंगडत गेली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “काका, सख्खा भाऊ बघत नाही आणि तुम्ही धावलात. चला, आज नियम मोडते. घरटं दाखवते. त्या उजवीकडच्या टेकाडांमागे आहे. जीप रुतते तिथे, चालावं लागेल.”

घड्याळजीला आकाश ठेंगणं झालं. डावीकडचा नर असणार, चरायला आलेला, असं त्याने ठरवून टाकलं.

चाल मुंगीच्या पावलांची होती, पण त्याची तक्रार नव्हती. वाटेत एका डबक्यात पखुर्ड्या उतरल्या, वाळवंटात राहणारे कबुतराएवढे पक्षी. त्यांचे नर पोट पाण्यात बुडवून बसून राहिले.

“पिसांत पाणी भरून घेतायत,” ती म्हणाली. “पिल्लं तिकडे वाळवंटात असतात, पार दहा कोसांवरसुद्धा. बाप पोचला की त्याची पिसं चोखतात.”

नर जड होऊन उडाले आणि तापत्या वाळूवरून दिसेनासे झाले. घड्याळजीने नकळत टोपी काढली.

पुढे एक साधा चिखल्या पायांपुढे आला. पंख मोडल्यागत तो जमिनीवरून फरफटत निघाला, दोन पावलांवर थांबून मागे वळून बघू लागला.

“जवळपास घरटं असणार,” ती म्हणाली. “मादी आहे, आपल्याला लांब नेतेय.”

“ठाऊक आहे.” घड्याळजी गालातल्या गालात हसला. आख्ख्या आयुष्यात या नाटकाला तो एकदाही भुलला नव्हता. पक्षी लंगडत जाई त्याच्या उलट दिशेने तो चालू लागे. निम्मं कपाट तसंच भरलं होतं.

“काय हुबेहूब करते, नाही?” ती कौतुकाने म्हणाली आणि कण्हत पुढे निघाली.

ऊन कलल्यावर ते शेवटच्या टेकाडामागे पोचले. वाळूत एक उथळ खळगा होता, त्यात चार खडे.

“कोल्ह्याने अंडी नेली वाटतं,” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. “काका, तुम्हाला उगाच तंगडतोड झाली.”

घड्याळजीचा चेहरा पडला. तरी तिचा उतरलेला चेहरा बघून त्यानेच तिची समजूत काढली.

परत जीपपाशी यायला संध्याकाळ झाली. गाईडबाई जीपमध्ये चढली नाही.

“माझं घर इथून जवळ आहे. पायवाटेने जाते.”

“अशा पायाने?”

“जाईन हळूहळू.”

भावाने जीप सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर त्याने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

“काका, तुमच्या बाजूचा आरसा सकाळी पुसलाय मी. नीट दिसतंय ना?”

घड्याळजीने आरशात पाहिलं. गाईडबाई डावीकडच्या त्या खुरट्या झुडपांकडे निघाली होती, दोन्ही पायांनी सुसाट पळत.