मागे कोण?

वाचकहो, प्रस्तुत कथनात मी घडले तेच निवेदन करणार आहे. कृपया शांत चित्ताने वाचावे.

दुष्काळामुळे त्या वर्षी सहकारी कारखान्याचे धुराडे पेटलेच नाही. म्हणून शिरूर कासारचे आम्ही दोघे ऊसतोड कामगार, मी आणि शहादेव, कोणाचेही साहाय्य न घेता सायकलींवर संपूर्ण कोकण किनारा पार करण्याचे आव्हान पेलण्यास निघालो.

ऊसतोडीस जाताना आमच्या बैलगाड्यांची एक रीत असते. पुढचा गाडीवान "मागं कोन?" असे पुसतो. अखेरच्याचे उत्तर आल्यावाचून तांडा हलत नाही, म्हणजे कोणी मागे राहत नाही.

भर दुपारी, निर्मनुष्य पुळणीवर माझ्या सायकलीची चेन पडली. ती बसविण्यास मी खाली वाकलो. पुढून शहादेवने हाक दिली, "मागं कोन हाय बे?"

मी मुख उघडण्यापूर्वीच माझ्या पाठीमागून, माझ्याच आवाजात उत्तर गेले, "मीच हाय, दुसरं कोन!"

"मंग चल की! लई म्हातारा झालास!" शहादेव हसला, आणि वळून न पाहता निघाला.

मी ओरडलो, परंतु कंठातून ध्वनी उमटला नाही. माझ्या शेजारून, ओल्या वाळूत, चाकाची एक रेघ आपोआप उमटत त्याच्या मागे गेली.

वाचनाचे कष्ट घेतलेत, आभारी आहे.

आपला नम्र,
जालिंदर.
गावी जो परतला, तो नव्हे.