सतरावा शह

"शह!" नानांनी थरथरत्या उजव्या हाताने वजीर उचलून पुढे ठेवला. पक्षाघातानंतर त्या हातात चमचाही टिकत नव्हता. लेक शलाकाच त्यांना भरवत होती.

तिच्याकडे वजीर होता, शिवाय वजीर व्हायला एकच घर उरलेलं प्यादं. नानांकडे नुसता वजीर. तिने राजा हलवला. पुन्हा शह. राजा कोपऱ्यात नेला की शह संपणार आणि डाव आपला, हे तिला केव्हाच दिसलं होतं. तरी ती राजाला मोकळ्या पटावरच फिरवत राहिली. नानांचा हात चालत राहिला.

सतराव्या शहाला ती म्हणाली, "बरोबरी?"

"कोपरा दिसला होता तुला. मीच शिकवलंय," नाना गुरकावले. मग उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "आण आता भात. चमचा मी धरतो."